आधार न घेता

चांगुणाबाईंना हाडाच्या मगजाचा कॅन्सर निघाला, त्या दिवसापासून साहेबरावांनी त्यांना खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस मुखेडच्या घरात स्वयंपाक शिकला, टँकरचा आवाज आला की घागरी घेऊन पळू लागला, बायकोला पेज हातानं भरवू लागला.

औषधांनी आजार आटोक्यात आला. दुष्काळाचा उन्हाळा होता, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. तिथल्या डॉक्टर उमादेवींनी पुढचा उपाय सांगितला. चांगुणाबाईंच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवायच्या, जालीम औषधानं उरलेला आजार मारायचा आणि मग त्या पेशी परत सोडायच्या.

"पण शरीराला झेपेल का, ते आधी बघू. मावशी, हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठा."

चांगुणाबाई पुढं झुकल्या. साहेबरावांचा हात आपसूक त्यांच्या काखेत गेला.

"काका, हात काढा."

त्यांनी काढला. चांगुणाबाईंना काही उठता आलं नाही. मुठीची ताकदही कमी भरली. व्हरांड्यात चालताना त्यांनी भिंत सोडली नाही.

"वयाचं काही नाही, पण अशक्तपणा फार आहे. आत्ता हे औषध सोसणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कामं कोण करतं?"

"मीच की! हिला काडी उचलू देत न्हाई," साहेबराव अभिमानानं म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, आजारानं नेली तेवढीच ताकद खाटेनंही नेलीय. ती परत आणा, मग पुन्हा तपासू."

परतीच्या बसमध्ये साहेबराव स्वतःलाच दोष देत राहिले. शेवटी चांगुणाबाई म्हणाल्या, "तुमी जीव लावला, त्यात काय चुकलं? मला बी पडून ऱ्हायची सवय लागली व्हती."

दुसऱ्या दिवसापासून ताटात वरण, अंडी, शेंगदाणे आले. उन्हात चालणं शक्य नव्हतं, म्हणून सकाळी दोघं मुखेडच्या बसस्टँडवर जात. तिथं सावली होती, टेकायला बाकं होती. उदगीर वेगळा जिल्हा होणार की न्हाई यावर प्रवासी तावातावानं भांडत आणि चांगुणाबाई त्यांच्यासमोरून फेऱ्या मारत.

एका सकाळी त्या खांबाजवळ मटकन खाली बसल्या. "लई झालं. मला न्हाई जमत."

साहेबरावांचा हात पुढं झाला, पण त्यांनी आवरला. तेही शेजारी फरशीवर बसले. "बरं. दम खाऊन दोघं बी उठू."

थोड्या वेळानं साहेबराव उठायला गेले, तर त्यांचेच गुडघे धरलेले. चांगुणाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि नवऱ्याची फजिती पाहून हसू लागल्या. "द्या हात," म्हणत त्यांनी साहेबरावांना ओढून उठवलं. आजारानंतर त्या पहिल्यांदाच इतक्या हसल्या होत्या.

पुढच्या तपासणीला त्या खुर्चीतून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. डॉक्टरांनी "बास, मावशी!" म्हटलं तेव्हाच थांबल्या.

उपचार हैदराबादला झाले. तोंड सोलून निघालं, केस गेले. तरी ताप उतरला की सलाईनचा स्टँड धरून त्या खोलीतल्या खोलीत चालत. परत सोडलेल्या पेशींनी जीव धरला आणि त्या घरी आल्या.

काही महिन्यांनी लातूरला लहान लेकरांच्या लशी त्यांना पुन्हा द्याव्या लागल्या, कारण त्या जालीम औषधानंतर जुन्या लशींचं बळ भरवशाचं नव्हतं. जन्मभर अंगणवाडीत रडकी पोरं मांडीवर घेऊन सुईसमोर धरणाऱ्या चांगुणाबाईंनी बाही वर केली.

"दुखलं का, मावशी?" सिस्टरनं विचारलं.

"दुखलं की! आता गोळी-बिस्कीट देता का न्हाई?"