डावी दोरी

"डावीकडे! तुदा, डावी दोरी ओढ!" छातीवरच्या वॉकीटॉकीत बाबांचा आवाज खरखरला.

तुदाने डावीकडे पाहिलं. तिकडे काळा कडा थेट समुद्रात घुसला होता. उजवीकडे मिरलेफ्तच्या किनाऱ्याची वाळू मोकळी पसरलेली. पण पॅराग्लायडिंगच्या पहिल्याच दिवशी बाबांनी तिला आणि ब्राहिमला, दोघांही शिकाऊंना, बजावलं होतं, "वर गेलात की आपली अक्कल गुंडाळून ठेवायची. खालून मी सांगेन तेवढंच करायचं." बाबांनी, म्हणजे सगळ्यांच्या इद्देर उस्तादांनी, आयुष्यभर याच किनाऱ्यावर माणसं उडवली होती.

तिने दोरी ओढली.

तिच्या डोक्यावरची पिवळी छत्री खडकाला घासली आणि एका बाजूने मिटली. तुदा खालच्या दगडगोट्यांवर आदळली. पाय भलत्याच दिशेला वळलेला तिला आधी दिसला, कळ नंतर आली.

बाबा धावत निघाले होते. तिच्याकडे नाही. पार पलीकडे ब्राहिम सुखरूप उतरून आपली लाल छत्री गोळा करत होता. त्याच्यासमोर त्यांनी गुडघे टेकले. हातातल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे तिकडचं बोलणं तुदाला ऐकू येत होतं.

"पोरी, कुठं लागलं? बोल ना!"

"उस्ताद, मी... मी ब्राहिम. ती तिकडे पडलीय."

तिझनीत शहरातल्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झालं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "वाऱ्याने दगा दिला."

"वारा कसला," तुदा म्हणाली. "मलाच डावं-उजवं कळलं नाही."

"हिचं लहानपणापासून हेच," संत्रं सोलता सोलता आत्या म्हणाली. "चपला नेहमी उलट्या!"

बाबांनी श्वास सोडला. तिच्या केसांवरून हात फिरवला. मग त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला.

"ब्राहिम, उद्या वारा छान आहे. सकाळीच ये. बहिणीलाही आण, तिला उडायचंय ना?"

ब्राहिमने तुदाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. पांघरुणाची कड मुठीत आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय हो? मला पडल्या पडल्या वाचता येत नाहीये."

बाबांनी डोळे बारीक केले.

"नेहमीचंच गं," ते हसून म्हणाले. "गोंगाट करू नका."

आत्याने त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि हातातलं संत्रं तसंच खाली ठेवलं.