अंबाडीचं पाणी

मल्लय्यानं ताट उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. भाजी भिंतीला चिकटली, ताट गरगरत उंबऱ्यापाशी जाऊन पडलं. मग कमलम्माची पाळी आली. पहिल्या थोबाडीतच ओठ फुटला. दुसरी चुकवायला तिनं हात मध्ये घातला, तर त्यानं मनगटच पिरगाळलं.

"याला पुंटीकूर म्हणतात? गवत आहे हे! आंबट कुठंय यात?"

पुंटीकूर म्हणजे आपली अंबाडी. निजामाचा मुलूख सोडून मल्लय्या सोलापुरात येऊन मागावर बसला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जीभ काही त्याच्याबरोबर गाडीत बसून आली नव्हती. तिला गावाकडची, त्याच्या आईच्या हातची पुंटीकूर हवी होती. ती म्हातारी कधीच गेलेली. कमलम्माची आई तर तिच्या लहानपणीच गेली, मग तिला शिकवणार कोण? शहरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं. या खोलीतला मात्र उठायचं नाव घेत नव्हता.

सकाळी शेजारची सारजाबाई हळद उगाळून घेऊन आली. भाकरी थापण्यापासून मराठी बोलण्यापर्यंत कमलम्माला सगळं तिनंच शिकवलेलं.

"मुडदा बशिवला त्याचा! कशापायी मारलं गं?"

"भाजी आंबट नाय म्हणतो."

"आंबट? अगं, उकडून, पिळून पानी टाकून द्यायचं, तवा कुटं ती खान्याजोगी व्हती. न्हाईतर दात आंबत्यात की!"

सारजाबाईचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यात अंबाडी अशीच करतात, कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी देऊन. कमलम्मा तशीच करायची आणि मार खायची.

मंगळवारच्या बाजारात कुंभारी गावच्या बायका अंबाडी घेऊन बसल्या होत्या. भीती होती तरी कमलम्मानं दोन जुड्या घेतल्याच. न नेली तर त्यावरूनही मार होताच. घरी येऊन तिनं पाला उकडला, पिळला. मनगट अजून सुजलेलं, मागासाठी सुताच्या कांड्या भरायचा रहाटसुद्धा फिरवता येत नव्हता. पाणी टाकायचंच आहे तर हात तरी शेकून घ्यावा म्हणून तिनं त्यातलं थोडं ऊन पाणी परातीत ओतलं आणि मनगट बुडवलं. चार थेंब उडाले ते फुटल्या ओठावर. झोंबलं म्हणून तिनं ओठ चाटला, आणि तशीच बसून राहिली.

अगं आई गं! अंगणातल्या चुलीपाशी बसून आई बोटावर घेऊन तिच्या जिभेला लावायची, तोच हा आंबटपणा. आईचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता, पण ही चव आठवत होती. इतकी वर्षं ती आपलं गाव स्वतःच्या हातानं मोरीत ओतत होती. रडता रडता तिला हसू फुटलं.

भांड्यात उरलेलं पाणी तिनं भाजीत परत घातलं, मिरच्या ठेचून टाकल्या आणि मंद आचेवर आटवलं.

मल्लय्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बोटं चाटली. पुन्हा भात मागितला. कमलम्मा भिंतीला टेकून बघत होती. सुटले बाई एकदाची, तिला वाटलं.

"काय केलंस आज?"

"पाणी टाकलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचे चावणारे दात थांबले.

"म्हणजे येत होतं तुला. इतकी वर्षं मुद्दाम आंबट काढून मला चोथा घालत होतीस!"

कोनाड्यात मागाचा धोटा होता, तो त्यानं उचलला. धोट्याची लोखंडी टोकं तिच्या पाठीत, खांद्यात, जिथं बसतील तिथं बसली. ताट मात्र या वेळी त्यानं फेकलं नाही. मारून झाल्यावर पुन्हा पाटावर बसला आणि उरलेला भात निपटून खाल्ला. कमलम्मा कोपऱ्यात पडून त्याचं बोटं चाटणं ऐकत होती. भाजी आंबट असो की सपक, या हाताला आपली पाठच लागते, हे तिला तेव्हा कळलं.

पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा अंबाडी आणली. उकडली, दुखऱ्या हातानं घट्ट पिळली. पाणी वाटीत घेतलं, मीठ-तिखट घातलं आणि दार सताड उघडं टाकून, उंबऱ्यात बसून एकेक घोट पीत राहिली. चोथा फोडणीला टाकला आणि तो आल्यावर त्याच्यापुढं वाढला.

एक घास खाऊन मल्लय्या ताडकन उठला.

"पाणी कुठंय?"

"मी प्याले."

पलीकडे सारजाबाई भाकरी थापायची थांबली. मल्लय्यानं हात उगारला. कमलम्मानं या वेळी तोंड झाकलं नाही. त्या हाताकडे बघत तिनं दातांवरून जीभ फिरवली. सारजाबाई म्हणाली होती ते खरं होतं, दात चांगलेच आंबले होते.