धापूदेवीचं हजेरी-कार्ड

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुपारी साडेतीनला, जयपुरातल्या एका बड्या हॉटेलच्या हॉलमध्ये. समोर भिंतीवर, दिव्याच्या झोतात, धापूदेवीचं हजेरी-कार्ड लावलं होतं. लावलं म्हणजे जाड पुठ्ठ्यावर खळ लावून चारी कोपरे दाबून चिकटवलं होतं. फोटोची बाजू वर आणि पाठ पुठ्ठ्याला. आणि जो काही पुरावा होता तो सगळा पाठीवर होता.

धापूदेवी झोटवाड्यातल्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात चार वर्षं कामाला होती. गेल्या नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला कापायच्या मशिनने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. मालकाने सरळ कानावर हात ठेवले, ही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हतीच. हजेरीची कार्डं सुपरवायझर महिनाअखेरीला परत घ्यायचा, त्यामुळे मागचं एकही शिल्लक नव्हतं. हे एवढं राहिलं, कारण इस्पितळात नेलं तेव्हा ते तिच्या पोलक्यात होतं. पुढे फोटो आणि नाव. मागे एक तारखेपासून एकोणीसपर्यंत सुपरवायझरच्या सह्या, त्यानंतर कोरे चौकोन. भरपाईचा दावा कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे चालू होता. झेरॉक्सला मालकाच्या वकिलाने हरकत घेतली होती. उद्या अकरा वाजता मूळ कार्ड दाखवायचं, नाहीतर धापूदेवी खोटी ठरायची.

असलं कार्ड हॉटेलच्या भिंतीवर गेलं कसं, तर ते खुद्द उत्कर्षानेच दिलं होतं. राग येण्याचं हे मोठं कारण.

लॉ कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बारा जणांना एक संस्था वर्षभर फेलोशिप द्यायची, उत्कर्षा त्यांतलीच एक. पगार संस्थेचा, काम गरिबांच्या खटल्यांचं. योजना चांगली होती, हे रागातही कबूल केलं पाहिजे. पण वर्षाचा अर्धा वेळ अहवाल लिहिण्यात जायचा. किती आयुष्यं बदलली, त्याचा आकडा दर महिन्याला भरावा लागे. तारखेमागून तारीख पडत होती, आयुष्य कुणाचं बदलत नव्हतं, तरी रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती.

वार्षिक समारंभासाठी संस्थेने प्रत्येकाकडे खटल्यातली एक 'खरी वस्तू' मागितली, प्रदर्शनासाठी. प्रमुख नीलिमा मॅडम मूळच्या पुण्याच्या. एरवी इंग्रजी बोलायच्या, काम असलं की मराठी. "अगं, तुझ्या धापूचं कार्ड किती बोलकं आहे. आठ दिवसांत परत देते, अगदी जसंच्या तसं." बारा जणांत आपल्या खटल्याला मधली भिंत मिळणार म्हणून उत्कर्षा सुखावली होती. पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेली गोष्ट, की मूळ कागद हातातून सोडायचा नसतो, ती नेमकी तेव्हा विसरली. आठ दिवसांचे बावीस झाले. रोज फोन केला की उत्तर ठरलेलं, "पाठवतेच आहे."

"मॅडम, हे मला आत्ता हवंय," हॉलमधल्या त्या भिंतीकडे बोट दाखवत उत्कर्षा म्हणाली.

"आत्ता कसं देणार? संध्याकाळी देणगीदार यायचेत. मधलीच जागा मोकळी दिसेल."

"उद्या तारीख आहे तिची."

"मग पुढची तारीख माग ना. मतलब, तारखा तर पडतच असतात."

तारखा पडतच असतात. धापूदेवी दर तारखेला दोन बस बदलून यायची, त्या दिवशीचं भांड्याचं काम बुडवून. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं, पण ज्यांनी कळून घ्यायचा पगार घ्यायचा त्यांनाही कळू नये, याची उत्कर्षाला भयंकर चीड आली. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि पुठ्ठा खिळ्यावरून काढला.

"उत्कर्षा, याचा परिणाम फेलोशिपवर होईल," नीलिमा मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

"होऊ दे," उत्कर्षा मराठीत म्हणाली आणि पुठ्ठा बगलेत मारून बाहेर पडली.

प्रताप नगरच्या घरी बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. राजन देशपांडे विमा कंपनीतले, बदलीवर जयपूरला आलेले. मूळ कागद नाही म्हणून हजारो दावे त्यांनी स्वतः परत पाठवले होते. नखाने कार्डाचा कोपरा उचलू गेले, तर कागदाचा पापुद्रा निघायला लागला. त्यांनी हात मागे घेतला.

"ओढलंस तर सह्या पुठ्ठ्यावरच राहतील. असं फाटकं मी तरी मंजूर केलं नसतं."

"तुम्ही धडधाकटसुद्धा केलं नसतं, बाबा."

बाबांनी एक जुनी चादर आणून पुठ्ठा नीट गुंडाळून दिला.

सकाळी कामगार कार्यालयात, मालकाशेजारी बसलेल्या त्याच्या वकिलाने चादर उघडायच्या आधीच हसायला सुरुवात केली. उघडल्यावर तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं. कार्डाखाली संस्थेने सुबक अक्षरांत इंग्रजी ओळ छापली होती. ती त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि हिंदीत अर्थ सांगितला, "धापू देवी को न्याय मिला. सर, न्याय तो मिल चुका. फिर हम यहाँ क्यों बैठे हैं?"

उत्कर्षाचे कान तापले. "सर, ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांना घाई होती," तिने हिंदीत सांगितलं. "पुरावा कार्डाच्या पाठीवर आहे."

"मग पाठ दाखवा," अधिकारी म्हणाले. "फाटलेला कागद मी घेणार नाही."

इतका वेळ भिंतीशी उभी असलेली धापूदेवी पुढे आली. तिने पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मागून टिचकी मारून पाहिली. "साब, पानी मिलेगो थोड़ो?"

शिपायाने पेला दिला. धापूदेवीने कार्डाला पाणी लावलंच नाही. पुठ्ठा पालथा घातला, ओढणीचं टोक भिजवून कार्डामागचा तेवढा भाग ओला केला आणि थांबली. पुठ्ठा थराथरांचा असतो, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मालकाला. मग अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी तिने एक थर सोलला, पुन्हा पाणी, दुसरा थर, तिसरा. शेवटचा ओला पापुद्रा तिने नखाने पुसल्यासारखा काढला. आत एक ते एकोणीस, सगळ्या सह्या जिथल्या तिथे. पुढचे चौकोन कोरे.

अधिकाऱ्यांनी कार्ड दोन बाजूंनी पाहिलं. मग मालकाच्या वकिलाकडे वळून विचारलं, "वकील साहब, ये काम इन्होंने किसके यहाँ सीखा?"

मालक मोबाइलमध्ये बघत राहिला. कार्डाला पुराव्याचा नंबर पडला. पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली.

बाहेर व्हरांड्यात उत्कर्षाने मोबाइल पाहिला. फेलोशिप स्थगित केल्याची मेल सकाळीच आली होती. धापूदेवीच्या हातात तो सोललेला पुठ्ठा होता, छापलेली ओळ तेवढी शाबूत. आतलं वकिलाचं भराभर बोलणं तिच्या कानावरून गेलं होतं.

"बाईसा, यो कांई लिख्यो है?"

उत्कर्षाने वाचून दाखवलं, धापूदेवीला न्याय मिळाला.

"कद?" धापूदेवीने विचारलं. कधी? चेष्टा नव्हती. तिला वाटलं, आपल्याला सांगायचं राहून गेलं असेल.

उत्कर्षाने तिच्या हातातून पुठ्ठा घेतला, ती ओळ मधोमध फाडली आणि डायरी उघडून अडीच महिन्यांनंतरची तारीख लिहिली. खाली स्वतःचं नाव लिहिलं, फक्त वकील म्हणून.