शुक्रवारची सोनोग्राफी

लासूर स्टेशन गावात द्वारकाबाईच्या हातचं खाऊन कुणी बारीक राहिलं, असं कधी झालं नव्हतं. म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून "बाळ बारीक आहे" म्हटलं, तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेल्या मोनिकापेक्षा तिच्या आईलाच ते जास्त झोंबलं.

डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या लाटा दाखवून सांगत होत्या, "नाळेतून बाळाकडे रक्त कमी जातंय. शुक्रवारी परत बघू. आणखी कमी झालं, तर बाळ लगेच काढून काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. खाण्यानं हे भरून येत नाही, मावशी."

"खाण्यानं नाय, तर कशानं येतं म्हणावं!" रिक्षात बसल्या बसल्या द्वारकाबाई फणकारली. "सातव्या महिन्यात लेकरू बाहेर काढत्यात व्हय!"

अन् शुक्रवारी तर मोनिकाचं डोहाळजेवण. सासरची माणसं गंगापूरहून जीप करून येणार, गावभर आमंत्रणं गेलेली.

"आई, आधी तपासून येऊ ना," मोनिका हळूच म्हणाली.

"अगं, सोमवारी जाऊ की! तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

झालं! आईपुढं कोण बोलणार? द्वारकाबाईनं डिंकाचे लाडू वळले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर तुपाची धार. शुक्रवारी हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत लेक अशी देखणी दिसली, की तिनं दोनदा दृष्ट काढली.

रविवारी दुपारी मोनिका म्हणाली, "आई, सकाळपासून हललंच नाय गं."

दोघी तशाच निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, अन् बाजूला ठेवलं. पडद्यावर एकही लाट नव्हती.

"शुक्रवारी का नाही आलात?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी होती. ओंजळीत मावेल एवढी, पण नाकीडोळी अगदी मोनिका.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मोनिकाचा गाऊन पुढून ओला झाला. दूध उतरलं होतं, थांबता थांबेना. ती त्या ओल्या डागाकडं बघत राहिली.

"लाडू लई लागू पडले गं आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच.

द्वारकाबाई जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन लेकीची छाती आवळून बांधायला बसली. गाठ मारता मारता तिनं लेकीच्या पायावर डोकं टेकून हंबरडा फोडला.