रांगोळीने घासलेला डॉलर

माझ्याकडच्या जुन्या अमेरिकन डॉलरांत खरा दुर्मीळ म्हणावा असा एकच. १८८९ सालचा, कार्सन सिटीच्या टांकसाळीचा. गरुडाच्या शेपटीखाली ‘सीसी’ अशी बारीक अक्षरं. ही नाणी मुळातच थोडी पडली. त्यात १९१८ साली अमेरिकेने कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांमार्फत हिंदुस्थानात गेली, रुपये पाडायला. हे मी एकदा माझ्या बायकोला, सुनीतीला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे रुपये आटवून केलेल्या माझ्या आईच्या पळीचं माहेर अमेरिका म्हणायचं!”

आता तिला असं काही सुचत नाही. तिचं विसरणं वाढलं आहे. इथे परदेशात, मुलाच्या केलीव्हिलच्या या घरात बाथरूम कुठे, हेही ती विचारते, आणि विचारताना ओशाळते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी लायब्ररीतून आलो, तर ती ओट्यापाशी उभी होती. समोर काळवंडलेलं निरांजन, करंडा, वाटीत पांढरी रांगोळी. हातातल्या ओल्या फडक्यात माझा डॉलर.

“अहो, बघा तरी! किती काळा पडला होता. असा ठेवायचा का लक्ष्मीपुढे?”

शंभरेक वर्षांत चढलेली निळसर झाक गेली होती. नाण्यावरच्या बाईच्या गालावर ओरखडेच ओरखडे. घासलेलं नाणं कुठलाही संग्राहक हातात धरत नाही. पण मी सुनीतीकडेच बघत होतो. आज कोणता दिवस आहे, चांदी कशाने घासतात, सगळं तिला आपणहून आठवलं होतं.

तेवढ्यात सून आली, सुखदा. “ओ माय गॉड, आई! हे काय केलंत? बाबांचं सीसी होतं ते!”

सुनीतीचा चेहरा उतरला. मी घाईघाईने म्हणालो, “अगं, मीच सांगितलं होतं तिला.”

वाटलं, सांभाळून घेतलं.

“तुम्ही सांगितलं होतंत?” सुनीतीने विचारलं. “कधी?”

“सकाळी.”

तिने फडकं खाली ठेवलं. “मला वाटलं, माझं मलाच आठवलं.”

“तुलाच आठवलं गं. मी आपलं उगीच...”

“राहू द्या हो.” समजूत घालणाऱ्यांकडे ती हल्ली जशी बघते, तशी माझ्याकडे बघून हसली. हात धुऊन खुर्चीत जाऊन बसली. निरांजन तसंच काळं राहिलं.

संध्याकाळी मी तिच्याजवळ गेलो. “चल, पूजा करू या ना?”

“तुम्ही सांगाल तसं,” ती म्हणाली.