नखुरडं

खिडकीजवळची खुर्ची माझी होती. दोन वर्षं. आत्याच्या पार्लरमध्ये नीट उजेड फक्त तिथेच येतो, आणि उजेडाशिवाय नखांचं काम म्हणजे डोळे मिटून सुई ओवणं. शाळा सोडली तेव्हापासून मी तिथेच बसून हात केले, पाय केले. मग ताई आली. माझी चुलत बहीण. तीन महिन्यांचा कोर्स आणि फ्रेममधलं सर्टिफिकेट घेऊन.

पहिल्याच दिवशी आत्या मला म्हणाली, "तू आतल्या खुर्चीवर बस गं. ताईला उजेड लागतो."

मला काय घुबडाचे डोळे आहेत?

ताईने भिंतीवर नखाचं चित्र चिकटवलं. उभं कापलेलं नख, आतलं सगळं दिसतं. नख तयार होतं ते कातडीच्या आत, खाली गादी, मुळाशी पांढरी चंद्रकोर आणि तिच्यावर पातळ कातडीची किनार. गिऱ्हाइकं तेच बघत बसायची. एकीच्या मनगटावर लाल गोल चट्टा होता, कडेला उठलेला. ताई म्हणाली, "हे गजकर्ण दिसतंय, पसरतं. आधी डॉक्टरकडे जा, मग या." आत्या लगेच माझ्याकडे वळली. "बघ, याला म्हणतात नजर." अहो, ते मला बाई दारातून आत येतानाच दिसलं होतं! पण मी बोलले असते तर आगाऊ ठरले असते.

टायपिस्ट काकू मात्र माझ्या. दर पंधरा दिवसांनी यायच्या, कोर्टातल्या गमती सांगायच्या. त्या दिवशी आत्याने त्यांनाही खिडकीत बसवलं. ताईने किनार मऊ करून पेन्सिलीएवढ्या लाकडी काठीने हलकेच मागे ढकलली. कापली नाही. ती कधीच कापत नाही.

"ती किनार म्हणजे बाटलीचं बूच आहे, काकू. काढलं की घाण थेट आत."

काकू तिच्या तोंडावर काही बोलल्या नाहीत. ताई फोन घ्यायला बाहेर गेली, तसा त्यांनी हळूच हात माझ्यापुढे केला. "तू करायचीस तसं गुळगुळीत नाही झालं गं. हे चौथं बोट बघ, कशी लोंबतेय कातडी."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ताईच्याच ट्रेमधला कटर उचलला. धुतलाय का, तेही बघितलं नाही. मुळापर्यंत साफ, अर्ध्या मिनिटात. रक्ताचा एक ठिपका आला, तो कापसाने टिपला.

चार दिवसांनी काकू आल्या. बोट टम्म, लालभडक, नखाच्या कडेला पिवळा पू.

"नखुरडं झालंय! टाइप करता येत नाही, साहेब डोक्यावर बसलाय."

आत्याने ताईकडे बघितलं. "तूच केलास ना यांचा हात?"

काकूंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. आपण चोरून हात पुढे केला हे त्यांना थोडंच सांगायचं होतं? मी आपली टॉवेलच्या घड्या घालत राहिले. खरं सांगते, मनात गुदगुल्या होत होत्या. आता खुर्ची परत माझी.

ताईने बोट उजेडात धरलं. "हे तर कापलेलं..." म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. आता बोंब मारणार, मला वाटलं.

"चुकलंच माझं, आत्या. काकू, डॉक्टरला दाखवा, घरी फोडू नका."

आणि आत्या चिडलीच नाही! "कबूल तरी करते पोरगी. शीक काहीतरी." हे मला!

माझं डोकंच फिरलं. खुर्ची हिची, नजर हिची, आता माझी चूकसुद्धा हिचीच? चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर?

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडले. "मी कापलं. मी! हिला जमतं तरी का कापायला?"

केस वाळवत बसलेल्या बाईने मशीन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"का कापलंस?" आत्याने विचारलं.

"काकूंना माझंच काम आवडतं म्हणून."

काकूंनी सुजलेलं बोट पर्सच्या मागे नेलं. "आवडायचं," त्या म्हणाल्या.

आत्याने माझे कटर काढून घेतले. महिनाभर फक्त पायांचे टब धुवायचे.

"ढकलायचं कसं ते दाखवू का तुला?" ताईने विचारलं.

"काही गरज नाही!"

टब घासता घासता मी तिच्या हातांकडे बघत होते. काठी तिरकी धरते ती. झोपवल्यासारखी, एकदम तिरकी.