ज्याचा काठ, त्याची टोपली

दाराची कडी वाजली तशी भाचीने अर्धा मुरडलेला काठ तसाच सोडला, टोपली उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः वेत भिजत घातलेल्या बादलीपाशी जाऊन बसली. हे इतके सवयीचे झाले होते की दोघींनी एकमेकींकडे पाहिलेही नाही. आत्याने शालीतून हात काढून टोपलीच्या कडेवर नुसते ठेवले, मान थोडी वाकवली. बघणाऱ्याला वाटावे, बाई सकाळपासून जागची हललेली नाही.

आत आला तो कोपऱ्यावरचा हॉटेलवाला.

"आत्याबाई, हात असावा तर तुमच्यासारखा. गिऱ्हाइकं पाव बाजूला ठेवून टोपली उलटी करून बघतात."

"मग पाव बरा कर," आत्या म्हणाली.

तो हसला. तशाच टोपल्या आणखी हव्या होत्या, जरा मोठ्या, पुढच्या आठवड्यात. जाता जाता त्याने बादलीकडे पाहिले. "ही काही शिकली का अजून?"

"ही? हिला वेत भिजवायला बसवलं तर हिच्याआधी वेत शिकेल."

कडी पुन्हा लागली आणि टोपली भाचीच्या मांडीवर परत आली.

त्या घरात एक रीत होती. बूड कुणीही घालावे, वीण कुणीही चढवावी; पण शेवटी उभे वेत वाकवून एकमेकांत खोचायचे आणि काठ बंद करायचा, तो ज्याने केला त्याची टोपली. आत्याला सासूकडून काठ मिळता मिळता अर्धे तारुण्य गेले होते, आणि मिळालेली वस्तू सुखासुखी दुसऱ्याला द्यावी असे तिचे मन नव्हते. तिने दिली नाहीच, अंगठ्यांनी दिली. दोन्ही अंगठ्यांची पेरे सुजून लाकूड झाली. पेला उचलायचा तरी ती आता दोन्ही तळव्यांत धरी. भाची परकरात होती तेव्हाच काठ तिच्याकडे आला. आला, पण मिळाला नाही. भिंतभर टांगलेल्या टोपल्या भाचीच्या बोटांच्या आणि आत्याच्या नावाच्या होत्या. अलीकडे, तीनेक वर्षांपूर्वी, खिडकीतली एक फळी तेवढी तिच्या वाट्याला आली होती. तिथे लहान परड्या मांडायच्या, त्या तिच्या नावाने विकायच्या. पोरक्या पोरीला एवढे पुरे, असे आत्याचे मत होते.

"उद्या त्या बाई येणार आहेत," भाची काठात डोळे ठेवून म्हणाली.

"कुठल्या बाई?" आत्याला पक्के ठाऊक होते.

"अनुदानाच्या. नव्या कारागिरांना वर्षभर शिकायला पाठवतात त्या. समुद्राकाठी मोठी कार्यशाळा आहे. वेताची कामं करतात तिथं, माणसाहून उंच."

"माणसाहून उंच टोपलीत ठेवायचं काय? माणूस?"

भाची हसली नाही. "तुला एकच विचारतील, ही किती वर्षं काम करते. पाच वर्षांच्या वर गेलं की नवं धरत नाहीत. तू फक्त फळीचं सांग. तीन वर्षं. खोटंही नाही ते."

"आणि भिंतीचं?"

"ते तुझं आहे म्हणून सांग. सगळ्यांना सांगतेसच."

आत्याने हात शालीखाली घेतले. "वर्षभर दुकान कोण बघणार?"

"नाव तुझं आहे ना," भाची म्हणाली. "चालेल नावावर."

उत्तर चोख होते. आत्याच्याच घरात वाढलेली जीभ होती ती.

दुसऱ्या दिवशी आलेल्या बाई किडकिडीत होत्या, बोलायला सौम्य. फळीवरच्या परड्या त्यांनी एकेक करून पाहिल्या, वहीत काहीतरी लिहिले, हसून मान हलवली. भाचीच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळला होता. मग बाई भिंतीकडे वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. एक टोपली काढून त्यांनी काठावरून बोट फिरवले. एकदा, पुन्हा एकदा.

"हा काठ सुरू कुठे होतो तेच कळत नाही." त्या आत्याकडे वळल्या. "तुमचं काम?"

आयुष्यभर या प्रश्नाला आत्याचे एकच उत्तर होते, आणि ते देताना तिची मान एक बोट वर जात असे. आज ती वर गेली नाही.

"नाही," आत्या म्हणाली. "ते हिचं."

भाचीच्या हातातला चहाचा पेला बशीवर वाजला.

"या भिंतीवर माझी एकही नाही," आत्या सांगत होती, सावकाश, शब्द निवडून. "माझ्या होत्या त्या केव्हाच विकल्या गेल्या. बरंच झालं, हिच्या शेजारी टांगायच्या लायकीच्या नव्हत्या. पाटी-पेन्सिलीच्या वयापासून बसते ही वेताला. सासूचा हात मी पाहिला, माझा पाहिला. हिच्यासारखा हात आमच्या घरात झाला नाही."

त्या तोंडून भाचीला आजवर मिळालेले सगळ्यांत मोठे कौतुक म्हणजे 'उसव' न म्हणणे. आता ती पेला धरून तशीच उभी होती. डोळे भरले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंनी वही मिटली नाही, पण लिहायचे थांबवले. "खरं का हे? या सगळ्या तुमच्या?"

नाही म्हणायला काय लागते? जीभ टाळ्याला लावली की झाले. नाही, फळी तेवढी माझी, बाकी सगळे आत्याचे. की पुढच्या महिन्यात समुद्र. भाचीला हे कळत होते. ती आत्याकडे बघत राहिली. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या सायकलीकडे बघत होती. वाढवलेल्या पोरीची नस तिला माहीत होती. पोरगी उपाशी राहील, पण आपल्या हातची वस्तू दुसऱ्या कुणाची म्हणून सांगणार नाही, निदान कुणी उघडपणे तिची म्हटल्यावर तर नाहीच.

भाचीने भिंत पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हो," ती म्हणाली. "माझ्या."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी टोपली जपून खुंटीला लावली. "मग आम्हालाच उशीर झाला म्हणायचा. हे नव्यांसाठी आहे हो. तुम्ही तर तयार आहात."

"तयार झालेल्यांसाठी काही असतं का?"

"नाही." बाईंना खरोखर वाईट वाटलेले दिसत होते. "त्यांना काही लागत नाही, असं धरतात."

"चहा संपवून जा," आत्या म्हणाली.

बाई गेल्या. केसाने गळा कापायचा तर तो केस मऊ लागतो, आणि आत्याने स्वतःच्या डोक्यावरचा उपटून वापरला होता. तो तिला दुखतही असावा. ती नेहमीपेक्षा ताठ बसली होती.

"आत्या, खरं होतं का ते?"

"कुठलं?"

"माझ्यासारखा हात झाला नाही ते."

आत्याने शाल गळ्याशी ओढली. "खोटं बोलून तुला कशाला अडवीन? खोटं तू लगेच खोडलं असतंस." आणि थोड्या वेळाने, "हॉटेलवाल्याचा माल आहे. वेत भिजत घाल."

भाचीने वेत भिजत घातले. तो आठवडा ती मान खाली घालून काम करत राहिली. ना रडणे, ना आदळआपट. बुडे अशी घट्ट बसली, वीण अशी सारखी चढली की आत्यालाही बोट ठेवायला जागा सापडेना. पोर रुळली, आत्याला वाटले. थोडा राग गिळला की माणूस कामाचे होते. तिच्या सासूचेही असेच म्हणणे असे. आत्याने त्या दिवसांत दोनदा 'ठीक आहे' म्हटले. एकदा सवय लागली की कौतुकही जड जात नाही.

हॉटेलवाला ठरल्या दिवशी आला. कडी वाजली तशी भाचीने टोपली उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः बादलीपाशी जाऊन बसली. आत्याने हात बाहेर काढून कडेवर ठेवायला नेले, तर कड नव्हती. उभे वेत चहूबाजूंनी तसेच वर आलेले होते, कोरे, न वाकवलेले. भिंतीशी रचलेल्या टोपल्याही तशाच होत्या. आठवडाभर आत्या वीण बघत आली होती. काठ शेवटी एकदम मुरडतात, म्हणून तिने त्याकडे पाहिलेच नव्हते.

"झाल्या का, आत्याबाई?"

"वीण झालीय," भाची म्हणाली. "काठ तेवढे राहिलेत. काठ आत्याच घालते. आमच्या घरची रीत आहे. ज्याचा काठ, त्याची टोपली."

"अरे वा, मग बसतोच." हॉटेलवाल्याने स्टूल पुढे ओढले. "इतकी वर्षं येतोय, पण काठ होताना कधी बघायला मिळाला नाही."

"वेत सुकलेत," आत्या म्हणाली. "आज वाकायचे नाहीत."

"नाही गं, सकाळीच ओले केलेत." भाचीने बादलीत हात बुडवला, उठून आली आणि उभ्या वेतांवर पाणी शिंपडले, हळुवारपणे, झाडाला घालावे तसे. "भिजवायला शिकले मी."

आत्याने तिच्याकडे पाहिले. मग तिचा उजवा हात पुढे झाला आणि जवळच्या वेतापाशी जाऊन थांबला.

"सावकाश होऊ द्या, आत्याबाई," हॉटेलवाला म्हणाला. "मला काही घाई नाही."

भाचीने ओले हात मांडीला पुसले आणि तीही बघत बसली.